पैऱ्याचा रविवार

निवृत्त झाल्यावर माणसानं कुठल्याही समितीत जाऊ नये, असं माझं आता ठाम मत झालंय. पण तेव्हा टिळकवाडीतल्या घरात एकटीला करमत नव्हतं, आणि गरीब मुलांचं शिक्षण सुटू नये म्हणून देणग्या गोळा करणारी एक छोटी समिती आमच्या गल्लीतच भरायची. गेले आणि अडकले. काम चांगलं आहे, नाही कशाला म्हणू? पण दरवर्षी तेच हार, तीच भाषणं आणि व्यासपीठावर मान खाली घालून उभी राहिलेली मुलं बघून मी थकले आहे.

समितीचा एक नियम आहे. सत्काराला मुलानं स्वतः हजर राहायचं, शाल घ्यायची, देणगीदारांबरोबर फोटो काढायचा. न येणाऱ्याचं नाव कमी होतं. मागच्या पावसाळ्यात हा कार्यक्रम बेळगावात एका रविवारी ठेवला होता.

आदल्या दिवशी जांबोटीकडच्या एका मुलीचा फोन आला. ती खानापूरला वसतिगृहात राहून पीयूसी, म्हणजे इकडची अकरावी-बारावी, करत होती. गावाहून रोज जाण्याजोगी बस नाही, म्हणजे वसतिगृह सुटलं की शिक्षण सुटलं. वसतिगृहाचे पैसे समिती भरायची.

"बाई, मला उद्या जमत न्हाय," ती म्हणाली. "आमचा पैरा हाय."

मला पुढं काही विचारावं लागलं नाही. मी त्याच भागातल्या शेतकऱ्याची मुलगी. आज मी तुझ्या शेतात भाताची रोपं लावते, उद्या तू माझ्या शेतात ये, हा पैरा. त्यात मजुरी नसते, पण चुकवायचाही नसतो. आई रोज आणि मुलगी सुट्टीला आली की, अशा दोघी गावातल्या शेतांतून राबल्या होत्या, आणि आता त्यांची पाळी आली होती. घरच्या लेकीनंच त्या दिवशी पाठ फिरवली, तर पुढच्या वर्षी त्यांच्या शेतात कोण येणार? अध्यक्षांना मी हे फोनवर समजावून पाहिलं. ते म्हणाले, "बाई, एकाला सूट दिली की सगळे मागतात. आणि एक दिवस शेतात नाही गेली तर काय बिघडतंय?" भले गृहस्थ आहेत, स्वतःच्या खिशातले पैसे घालतात, त्यामुळे त्यांच्याशी नीट भांडताही येत नाही.

सकाळीच टॅक्सी करून मी गाव गाठलं. मायलेकी आणि शेजारणी चिखलात ओळीनं वाकलेल्या. मी बांधावर चप्पल काढली, साडी खोचली आणि मुलीला म्हटलं, "पाय धू आणि गाडीत बस. तुझ्या जागी मी."

"बाईंस्नी जमंल व्हय?" एका शेजारणीनं विचारलं.

फारसं जमलं नाही. ओळी वाकड्या जात होत्या, कंबर धरली होती, आणि दुपारपर्यंत मला सगळ्या समितीचा मनापासून राग आला होता. पण संध्याकाळी मुलगी त्याच गाडीतून शाल घेऊन परत आली. नाव राहिलं, वसतिगृहही राहिलं.

निघताना आई गाडीपाशी आली. "बाई, तुमचा पैरा आमच्यावर ऱ्हायला. तुमच्यात कवा येऊ?"

"माझं शेत कुठं आहे आता? मुलीला शिकव, म्हणजे फिटलं."

"ती तर आमचीच पोर. तिला शिकिवलं म्हंजे तुमचं काम कसं हुईल?"

परतफेडीची अपेक्षा नाही, असं आम्ही दरवर्षी व्यासपीठावरून मोठ्या तोंडानं सांगतो. ऐकणाऱ्याला ते कसं लागत असेल, हे तिच्याकडं बघून कळलं आणि वाईट वाटलं. शेवटी म्हटलं, "गणपतीत माझ्याकडं माणसं येतात, एकटीला होत नाही. दोघी या."

तिचा चेहरा मोकळा झाला. "आमचा गणपती पाचव्या दिशी जातो. मग येतो की."

दोघी आल्या. आईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आणि माझ्या मोदकांची पारी जाड होते, हेही सुनावलं. दुपारी अध्यक्ष दर्शनाला आले. मुलीनं मोदकांची बशी त्यांच्या हातात दिली. त्या रविवारी यांनीच तिला शाल पांघरली होती. तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लावलेला आहे.

"शिकतेस का काही?" त्यांनी कौतुकानं विचारलं.

"पीयूसी फर्स्ट इयर," ती म्हणाली.

जाताना दारात ते मला म्हणाले, "चुणचुणीत पोरगी आहे, बाई. लोकांच्यात काम करून शिकते बिचारी. पुढच्या वर्षी हिला आपल्याकडून काही देता येतं का बघा."

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून कुणीतरी माझा पदर ओढला. मुलगी होती. अध्यक्ष फाटकाबाहेर जाईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

"सांगू नका, बाई," ती म्हणाली. "त्यास्नी वाईट वाटंल."