छावणीतले अँटेनावाले काका

छावणीच्या बाजारातल्या काकांच्या दुकानात रेडिओ दुरुस्त होतात, पण त्यांचा खरा जीव अँटेनात. छत्रीच्या काड्या, सायकलचे आरे, पडद्याचे रॉड, कशापासूनही ते नवा अँटेना घडवतात. मग तो रेडिओला जोडून डोळे मिटून ऐकत बसतात. खरखर थांबली की स्वतःशीच हसतात.

माझ्या इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टचा अँटेना मी स्वतः बनवला होता. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती आणि त्यावर एकही स्टेशन लागत नव्हतं. तो घेऊन मी दुकान गाठलं आणि चाचरत, अर्ध्या इंग्रजीत काकांना ते सांगितलं. बाकावर बसलेलं गिऱ्हाईक हसलं, "कॉलेजात तार जोडायला शिकवत नाय व्हय, ताई?"

माझे कान तापले. काकांनी अँटेनाच्या केबलचा प्लग उघडला. केबलच्या बाहेरच्या तारजाळीचा केसाएवढा धागा मधल्या तारेला चिकटला होता, त्यामुळे सिग्नल रेडिओपर्यंत पोचतच नव्हता. चूक माझीच होती, आणि ती फक्त काकांना आणि मला दिसली.

"पोरीनं लई झकास बनवलाय," धागा चिमट्यानं काढत काका मोठ्यानं म्हणाले. "प्लगच भिकार निघाला."

अँटेना जोडताच रेडिओ खणखणीत बोलू लागला. काकांनी डोळे मिटले. मीही मोकळा श्वास घेतला. प्लग त्यांनी बदललाच नव्हता.