जोडव्यासाठी घेतलेलं मशीन

मार्चच्या सुरुवातीला अलॉटमेंटच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा राहून चहा पीत होतो. बसून चहा पिणं त्या दिवसांत मला जमत नव्हतं. कप घेऊन खुर्चीत टेकलो की काहीतरी करायचं राहिलंय असं वाटे, मी उठे, आणि उठल्यावर काय राहिलं ते आठवत नसे. बाई भल्या आहेत. त्यांनी आधी माझी चौकशी केली, मग हवेची, आणि मग विचारलं, जमिनीचा तुकडा ठेवणार की सोडणार? वर्षभर पडून आहे, मागे लोक थांबलेत. सोडतो म्हणालो. मग महिनाअखेर शेड रिकामी करा, त्या म्हणाल्या. नव्या लोकांकडे रोटाव्हेटर आहे, ते एका दिवसात सगळी जमीन उलथून काढतील.

त्या जमिनीत माझ्या बायकोचं एक जोडवं होतं.

घराला नीटशी बाग नसलेल्या लोकांना कौन्सिल भाजीपाल्यासाठी असे तुकडे भाड्याने देते. इथे इंग्लंडात, रीडिंगला, आमचा तुकडा रेल्वेमार्गाच्या कडेला होता. तो माझा नव्हे, तिचाच. मी पुस्तक घेऊन शेडच्या सावलीत बसे आणि सांगितलं की झारी भरून आणी. ती मेथी, लाल माठ, बटाटे लावायची. गमबूट आणि जाड मोजे घातले की जोडवी बोटांना रुतत, म्हणून काम सुरू करण्याआधी ती दोन्ही काढून कार्डिगनच्या खिशात टाकायची आणि घरी निघताना शेडच्या पायरीवर बसून पुन्हा घालायची. बटाटे काढायच्या दिवसांत एका संध्याकाळी खिशातून एकच निघालं.

"अहो, एकच आहे हो," ती म्हणाली, आणि खिसा उलटा करून मला दाखवला, जणू मला तो आत दिसणार होता.

आम्ही माती हातांनी चाळली. पुढचे दोन शनिवारही चाळली. नवी जोडी घेऊ म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. "लग्नातली आहेत ती. कुठं जातंय? पुढच्या बटाट्यांबरोबर येईल वर." तोवर एक तर एक, म्हणून तिनं उरलेलं उजव्या पायात घातलं. पुढचे बटाटे तिनं लावले नाहीत. वसंतात दुखणं कळलं आणि पानगळीत ती गेली. दहनाआधी अंगावरचा सगळा धातू काढावा लागतो, तसं ते जोडवंही काढलं आणि अंत्यविधीवाल्यांनी एका छोट्या कागदी पिशवीत घालून मला दिलं. मी पिशवी न उघडता कपाटात अस्थींच्या डब्याशेजारी ठेवली.

त्या अस्थी नरसोबाच्या वाडीला, संगमावर न्यायच्या होत्या. कोल्हापूरहून धाकटी बहीण दर रविवारी विचारायची.

"दादा, वहिनीला किती दिवस कपाटात ठेवणार आहेस?"

"जोडवं सापडू दे. दोन्ही तिच्याबरोबर द्यायची आहेत."

"अरे, मी उद्या गुजरीतल्या सोनाराकडून नवी जोडी आणते. चांदी ती चांदी."

"ती तिची नसतील. सवाष्ण गेली ती. एका पायाचं सौभाग्य घेऊन कशी पाठवू?"

हे असलं बोलणं एरवी तिचं असतं, माझं नाही. मी पूजाअर्चा करणारा माणूस नाही. आयुष्यभर एका कंपनीत मॅन्युअल्स लिहिली, जी कुणी वाचत नाही. पण ही एकच गोष्ट मनात अशी घट्ट बसली होती की तिला हलवता येत नव्हतं. जोडवं मिळेपर्यंत तिकीट काढायचं नव्हतं. आणि आता जमीनच जाणार होती.

त्या रात्री मी मेटल डिटेक्टर पाहायला सुरुवात केली, आणि पुढचा आठवडाभर दुसरं काही केलं नाही.

या देशात हा मोठा छंद आहे हे मला ऐकून माहीत होतं. शेतकऱ्याची परवानगी घेऊन पावसात नांगरलेल्या रानात माणसं तासन् तास चालतात, एखादं रोमन नाणं किंवा जुन्या कोटाचं बटण मिळालं की खूश होतात. त्यांचे व्हिडिओ मी जेवताना पाहिले, दात घासताना पाहिले. शंभर पौंडांच्या आतली मशीन्स सगळे एकमुखाने खेळणी ठरवत. हजारच्या पुढची घेणाऱ्यांचे आवाज वेगळेच, पुरोहितांसारखे. मधली, तीनशेच्या आसपासची, ती माझ्यासाठी. पण त्या मधल्यातही निर्णय होईना. एकच फ्रिक्वेन्सी की अनेक? दांड्याच्या टोकाची चकती मोठी घेतली तर खोल जाते पण शेजारच्या दोन वस्तू एकच समजते. छोटी घेतली तर दाटीत बारीक वस्तू सुटी ओळखते पण एका फेरीत चिंचोळी पट्टीच बघून होते. कुठलं हातात जड, कुठल्याची बॅटरी बदलता येत नाही. मी एक मशीन बास्केटमध्ये टाके, घरात फेरी मारे, परत येऊन काढून टाके.

लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या मित्राला फोन केला. कॉलेजपासूनचा. दुर्बीण, ब्रेड मेकर, शिवणयंत्र, जे काही विकत घेता येतं ते अभ्यास करून घेणारा. मेटल डिटेक्टरही त्याच्याकडे असणार याची खात्री होती, आणि होताच.

"ये तू इकडे," तो म्हणाला. "फोनवर मशीन निवडतात होय? स्थळ आहे का ते?"

त्याच्या मागच्या हिरवळीवर त्यानं मला मशीन हातात धरायला लावलं. त्याची बायको दारात उभी होती. "भावजी, त्यांनी लॉन खणलं तर मला हाक मारा हं. मागच्या वेळी फक्त नळाचा पाइप सापडला होता."

"सापडला ना पण?" तो म्हणाला. "हे बघ, मधलंच घे. स्वस्तात खिळे सापडतात, आणि महागातलं कसं चालवायचं तेच सापडत नाही. छोटी चकती घे. तुझी जमीन म्हणजे कचरा असणार, खिळे, तारा, चॉकलेटची चांदी. म्हणून हे शिकून ठेव." त्यानं दाखवलं: वस्तूवरून चकती फिरवली की पडद्यावर आकडा येतो, लोखंडाचा खाली, चांदीचा वर, आणि नको ते आकडे बंद करून टाकता येतात, मग मशीन कचऱ्यावर तोंडच उघडत नाही. आत जाऊन त्यानं देवघरातलं चांदीचं लक्ष्मीचं नाणं आणलं आणि गवतात ठेवलं. मशीननं स्वच्छ, उंच सूर लावला. आकडा ऐंशीच्या वर. "ही चांदी. याच्या खूप खालचं सगळं बंद कर, आणि शोध."

मी तसंच मशीन घेतलं. मधल्या किमतीचं, छोट्या चकतीचं, अनेक फ्रिक्वेन्सींचं. बॉक्स आल्यावर मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचलं. बरं लिहिलं होतं, एवढं कबूल करतो.

सेक्रेटरीबाईंनी परवानगी दिली, फक्त स्वतःच्या तुकड्यात आणि खड्डे बुजवायच्या अटीवर. बहिणीला बातमी लागलीच.

"मशीन कशाला रे घेतलंस? मी पायाळू आहे ना! डोळ्यांत काजळ घाल माझ्या, लगेच सांगते कुठं पुरलंय. लहानपणी शेजारचे आप्पा मला गुप्तधन दाखव म्हणून परसात फिरवायचे, आठवतं?"

"काय सापडलं होतं?"

"मार. आईनं त्यांना झोडपलं होतं, मलाही."

मी हसलो, आणि हसल्याचं माझं मलाच विचित्र वाटलं. फोन ठेवून लगेच बूट घातले.

रोज सकाळी मी जायचो. घरचं लक्ष्मीचं नाणं खिशात असे. आधी ते मातीवर टाकून सूर तपासायचा, मग बटाट्यांच्या जुन्या ओळींवरून एकेक पट्टी फिरायची. मशीन बहुतेक वेळ गप्प असे. क्वचित वाजलं तर तांब्याच्या नळीचा तुकडा, जुनी पेनी, एकदा कुणाचा तरी चमचा. दुपारी मी घरी येऊन उभ्यानं काहीतरी खाई आणि पुन्हा जाई. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात काम करणारी मुलगी संध्याकाळी फोन करायची. तिचा जन्म इथला, मराठी तिच्या पद्धतीची.

"बाबा, तू जेवला का? खरं सांग. टोस्ट म्हणजे जेवण नाही होत."

"जेवलो."

"आईचा जोडवी मिळाली?"

"नाही. सगळा तुकडा झाला. आता दुसऱ्यांदा फिरतोय."

"मग तिथे नाहीच असेल. तू कशाला इतका... तू दमतो, बाबा. मशीन चांगली आहे ना?"

मशीन चांगलं होतं. तेच मला सलत होतं. मशीन चांगलं असून जमीन गप्प होती, म्हणजे जोडवं तिथे नव्हतंच. कुठल्यातरी कचऱ्याबरोबर कधीच गेलं असेल. तरीही मी तिसऱ्यांदा फिरलो. महिना संपत आला होता.

एका सकाळी पाऊस होता म्हणून बाहेर जाता येईना. मी मशीन सोफ्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग कपाट उघडलं आणि कधी न उघडलेली ती कागदी पिशवी उघडली. का, ते सांगता येत नाही. कदाचित हातांना काम हवं होतं. जोडवं माझ्या आठवणीतल्यापेक्षा बारीक होतं. वर नक्षीचे दोन वळसे, आणि खाली चीर. बोटाप्रमाणे सैल-घट्ट करता यावं म्हणून सगळ्या जोडव्यांना असते तशी. मी ते गालिच्यावर ठेवलं आणि वरून चकती फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली, अगदी जवळून. काही नाही. लक्ष्मीचं नाणं ठेवलं तर मशीन ओरडलं. जोडवं ठेवलं तर मुकं. मी बंद केलेले सगळे आकडे उघडले आणि पुन्हा फिरवलं. आता एक तुटका, खरखरता आवाज आला, आणि आकडा चॉकलेटच्या चांदीच्या आसपास नाचू लागला.

मॅन्युअलमध्ये शोधलं. एका तळटीपेत होतं: अखंड वळ्यात वीज गोल फिरते म्हणून ते जोरात बोलतं, वळं कुठे उघडं असलं तर धातू कितीही चांगला असला तरी आवाज क्षीण येतो. इंग्रजांची अंगठी अखंड असते, त्यांच्या व्हिडिओंत अंगठी सापडे ती तशीच. मित्राच्या देवघरात नाणं होतं. खाली चीर असलेली चांदी आम्हा दोघांपैकी कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. कचरा म्हणून मी जे आवाज तोंड दाबून बंद केले होते, त्यांतच तिचं जोडवं होतं, आणि मी त्याच्यावरून कितीदा तरी चालत गेलो असेन.

पाऊस थांबायची वाट न बघता मी निघालो.

सगळं उघडल्यावर तो तुकडा आधी ओळखूच येईना. पावला-पावलावर किरकिर. खिळे, तारा, बियांच्या पाकिटांची चकाकती अस्तरं, शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या. मी आकडा बघायचा सोडला. जोडव्यानं गालिच्यावर जी खरखर केली होती ती कानात धरून ठेवली आणि तशी वाजेल तिथे खणत गेलो. पुढचे दोन दिवस तेच केलं. शेजारच्या तुकड्यावरचा म्हातारा कुंपणाशी येऊन म्हणाला, सोनं लागलं की सांग हं, मी निम्म्याचा धनी. मी मान हलवली. बोलायला वेळ नव्हता असं मला वाटत होतं, आणि वेळ तर होता.

ते बटाट्यांच्या ओळीत नव्हतंच. शेडच्या पायरीसमोर, जिथे ती बूट काढून बसायची, तिथे वीतभर खाली होतं. आधी मला तो आणखी एक कागदी चांदीचा चुरगळा वाटला. काळं पडलेलं, चिरेत माती घट्ट बसलेली. नळाखाली धुतलं तेव्हा नक्षीचे दोन वळसे दिसले.

मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. खड्डा बुजवला, पायानं दाबला. आणि मग मशीन उचलून पुन्हा फिरायला लागलो. कितीतरी वेळ. आवाज आला की वाकायचो, खणायचो, तार काढून बादलीत टाकायचो, पुढे जायचो. थांबलो तर काय करायचं असतं ते मला माहीत होतं, म्हणून थांबत नव्हतो.

शनिवार होता. मुलगी दुपारच्या गाडीनं येऊन थेट तिथेच आली, हातात डबा. मला बघून फाटकातच उभी राहिली.

"बाबा, बस ना जरा. मी पण शोधते. दे मला ती मशीन."

"सापडलंय," मी म्हणालो.

"काय?"

मी खिशातून काढून तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते बोटाच्या टोकानं फिरवलं. "इतकं छोटं?" ती म्हणाली. "मग तू अजून काय शोधतो?"

तिनं मशीन माझ्या हातातून घेतलं, बटण शोधून बंद केलं आणि शेडला टेकवून ठेवलं. मग माझा फोन काढून माझ्या हातात दिला.

"आत्याला कर."

कोल्हापूरला रात्र व्हायला लागली होती. बहिणीनं पहिल्याच रिंगला उचलला. मी सापडलं म्हणून सांगितलं. तिच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"वहिनीचंच?" तिनं विचारलं.

"तिचंच."

"मग कधी येतोयस?"

"बघतो."

"बघतो नको, दादा. दिवस सांग. गुरुजींना सांगायला हवं, गाडी बघायला हवी."

मी नळापासून शेडपर्यंत चालत होतो आणि शेडपासून नळापर्यंत. मुलगी पायरीवर बसून डबा उघडत होती आणि मान वर करून माझ्याकडे बघत होती. तिला मी खुणेनं विचारलं, रजा? तिनं मान डोलावली.

"पुढच्या महिन्यात," मी बहिणीला म्हणालो. "दोघंही येतोय. तुझ्या वहिनीला घेऊन."