माझा मित्र मला असिस्टंट म्हणायचा

अमरावतीच्या कापूसबाजारात लोक मला असिस्टंट म्हणत आणि मी मिशीला पीळ देत असे. आज नुसतं आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मी तेल्हाऱ्याकडचा कास्तकार. माझा एक बालमित्र अमरावतीत दलाली करायचा. मुंबईला राहून तो इंग्रजी बोलायला शिकला होता, त्यामुळे गोरे व्यापारी त्याच्याकडे येत. मला मोडी लिहिता-वाचता यायची, इंग्रजीच्या नावानं मात्र शंख. पण रुई मला कळायची. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ताणली की धागा केवढा आणि वजन वाढवायला पाणी शिंपडलंय का, हे मी तिथल्या तिथे सांगायचो. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. म्हणूनच तो माझ्या वावरापर्यंत चालत आला.

"तू रुई पाय, मी सायेब पायतो," तो म्हणाला. "निम्मं तुह्यं, निम्मं माह्यं."

आमच्या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दलाल रुमालाखाली हात धरून बोटं दाबतात आणि दाबलेलं बोट कोणी मागे घेत नाही. त्यानं तसाच माझा हात उपरण्याखाली घेतला आणि निम्म्याची खूण केली. मला आणखी काय हवं होतं? वावरातला माझा वाटा मी थोरल्या भावाला देऊन टाकला आणि बायकोला घेऊन अमरावतीला बिऱ्हाड केलं. आता गावात माझं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. जे काही होतं ते त्या भागीत होतं.

पहिल्यांदा साहेब आला तेव्हा मित्रानं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "माय असिस्टंट." साहेब गेल्यावर मी विचारलं, "असिस्टंट म्हंजे काय बे?"

"अकोल्याच्या कचेरीतला असिस्टंट सायेब पायला ना तू? घोड्यावरून निंगाला का पाटीलबी उठून उभा रायते. थोच शब्द हाये हा."

मी तो साहेब पाहिला होता. त्याच्यापुढे भले भले वाकत. मग काय, माझे पाय जमिनीवर राहिनात. बाजारात, सोयऱ्याधायऱ्यांत, जिथे जाईन तिथे मीच सांगू लागलो. बायकोनं एकदाच शंका काढली. "अवो, पन भागीदाराले भागीदारच काहून नाई म्हनत थे?" मी म्हटलं, "इंग्रजीत असंच म्हणतात." इंग्रजी जणू माझ्या बापाची होती.

पुढे रेल्वेचा रस्ता अकोल्याकडे सरकू लागला. तिथे रुई दाबून गाठी बांधायचं मोठं यंत्र, म्हणजे पेच, साहेबाच्या मदतीनं बसवायचं ठरलं. मालक आम्ही दोघं. मुहूर्ताला मी भावाला तेल्हाऱ्याहून बोलावून घेतलं. बायको नवं लुगडं नेसून बायकांत बसली होती. साहेब लोक हात मिळवतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी हात धुऊन पुसून तयार होतो.

साहेब मांडवात आला. मित्र म्हणाला, "माय असिस्टंट." मी हात पुढे केला. साहेबानं त्या हातात आपली छत्री दिली, वर टोपीही ठेवली आणि पुढे सरकला. त्यानं माझा अपमान केला असं मी म्हणणार नाही. सांगितलेल्या शब्दाप्रमाणे तो वागला.

मग मित्रानं आपल्या साळ्याला पुढे ओढलं. हा पोरगा नुकताच आलेला, सरकी कुठे संपते आणि रुई कुठे सुरू होते हेही त्याला कळत नव्हतं. मित्र म्हणाला, "माय पार्टनर." साहेबानं त्याचा हात हातात घेऊन चांगला हलवला, पाठ थोपटली आणि नारळ त्याच्याकडून फोडवला. बायकांच्या घोळक्यातून माझी बायको माझ्याकडे पाहत होती. भाऊ जमिनीकडे पाहत होता.

साहेबाचा म्हातारा मुन्शी माझ्या शेजारीच उभा होता. मी हळूच विचारलं, "मुन्शीजी, पार्टनर म्हणजे काय?"

"हिस्सेदार. आधे का मालिक."

"आणि असिस्टंट?"

त्यानं माझ्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. "हाथ के नीचे का आदमी, भाई. काम दूसरे का, ये मदद करनेवाला."

"मग कचेरीतला असिस्टंट साहेब?"

"वो भी बड़े साहब के हाथ के नीचे है. उनके साहब बड़े हैं, तो वो भी बड़े दिखते हैं."

म्हणजे मित्र शब्दाबद्दल खोटं बोललाच नव्हता. मोठ्या साहेबाचा मदतनीस मोठा आणि दलालाचा मदतनीस हमाल, एवढंच त्यानं सांगितलं नाही. पार्टनर कोणाच्या हाताखाली नसतो. असिस्टंट कितीही वर चढला तरी कोणाचा तरी असतोच. हा फरक त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता आणि त्या फरकावरच तो मला राबवून घेत होता. सख्ख्या भावासमोर केसानं गळा कापला होता त्यानं.

पंगती उठल्या, साहेब आपली टोपी-छत्री घेऊन गेला. मित्र मांडवामागे हात धूत होता. तिथे मी त्याला गाठलं.

"पार्टनर हा शब्द तुले येत होता?"

"येते ना."

"कवापासून?"

"मुंबईपासून."

"मंग मले थो काहून नाई लावला?"

त्यानं धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कुचेष्टाही नव्हती. ती असती तर मी त्याच्या थोबाडीत मारून मोकळा झालो असतो. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं.

"अबे," तो म्हणाला, "तुले कायले पायजे थो शब्द?"