सत्तेचाळीस नंबरची सायकल

सायकलीचे किस्से मी काही जमवायला गेले नव्हते. पिठाच्या गिरणीत उभं राहिलं की भुवयांवर पीठ आपोआप बसतं ना, तसे हे बसले. मला लिहितावाचता येत नाही, त्यामुळे वहीत उतरवून मोकळं व्हायचीही सोय नाही. सगळं डोक्यातच. कुणी आलं, चहा टाकला, की एकेक निघतो.

तर खडकी नावाची नगरी होती. तिथे फॅक्टरीचा भोंगा होता. त्या भोंग्यावर उठणारा, भोंग्यावर जेवणारा आणि रिटायर होऊनही भोंग्यावरच चालणारा एक सासरा होता, म्हणजे आमचे हे. एक सासू होती, ती मी. एक मुलगा होता विलास, चाकणला शिफ्टमध्ये, म्हणजे घरात असून नसल्यासारखा. आणि एक सून होती मीना. यवतमाळकडची, बारावी झालेली, टायपिंगला बोटं अशी की ज्वारी पाखडल्यासारखा आवाज. या चौघांच्या घरात सायकल नव्हती.

* * *

यांचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

यांनी फॅक्टरीत जन्मभर एकच काम केलं. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची. इन्स्पेक्शन सेक्शन! हातात गेज, म्हणजे मापाची पट्टी, आणि खिशात खडू. माल वाईट निघाला की त्यावर फुली. चांगला निघाला की त्यावर आपला नंबर टाकायचा. प्रत्येक तपासनिसाचा नंबर वेगळा, यांचा सत्तेचाळीस. पुढे काही बिघडलं तर नंबरावरून माणूस सापडला पाहिजे, म्हणून. त्यामुळे फुल्या भराभर पडायच्या आणि नंबर टाकताना यांचा हात जड व्हायचा.

रिटायर झाले. फॅक्टरी सुटली, खडू सुटला नाही. मार्केट यार्डात जाऊन कलिंगडांवर फुल्या मारून आलेले आहेत! एकदा माझ्या पुरणपोळ्यांवर ताटली ठेवून माप घेतलं.

"तिसरी आणि पाचवी कडेला बाहेर येतेय," म्हणाले.

"मग खाऊ नका."

"खाणार. फक्त पास करणार नाही."

मीनाला बघून परत येताना मी बसमध्ये विचारलं, "कशी वाटली हो मुलगी?"

"दिवाळीपर्यंत बघू."

लग्नाला चार दिवाळ्या झाल्या. यांचं बघणं चालूच!

* * *

तेव्हा पुण्यात सगळीकडे काचेच्या इमारती उठत होत्या. आज शेत, उद्या काच. आत काय करतात म्हणून विचारलं तर सगळे म्हणायचे, "कॉम्प्युटर." एवढ्या उंच बिल्डिंगीत नुसता कॉम्प्युटर? मला वाटायचं, केवढा असेल तो!

औंधच्या पुढे अशाच एका कंपनीत मीना मुलाखतीला गेली. परत आली ती उंबऱ्यावरच बसली. नोकरी मिळाली होती. सोमवारपासून, सकाळी सातची शिफ्ट. पण तोंड पडलेलं.

"काय गं? झाली ना निवड?"

"झाली जी आई. पण त्या मॅडमनी विचारलं, सातला बस नसते, स्वतःचं वाहन आहे का? नाही म्हटलं असतं तर मागची मुलगी उभीच होती."

"मग तू काय म्हणालीस?"

"आहे म्हटलं."

मीना यवतमाळची भाषा एरवी दाबून ठेवते. घाबरली की 'जी' बाहेर येतो. त्या दिवशी दर वाक्याला 'जी' होता. चार वर्षांत पहिल्यांदा तिला आपलं म्हणून काही मिळालं होतं, आणि ते सोमवारी सकाळी सात वाजता जाणार होतं.

तो दिवस शुक्रवार. विलासला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "नाना पेठेत सायकलीचा सेल लागलाय, रविवारपर्यंत. कोणतीही घ्या, फक्त मला विचारू नका."

हे मात्र पेपर बाजूला ठेवून उठले. म्हणाले, "मी तपासल्याशिवाय घ्यायची नाही."

मीनाने माझ्याकडे बघितलं. मी देवाकडे.

* * *

माझा भाचा संजू कॉम्प्युटरवाला. शुक्रवारी संध्याकाळी तो मांडीवरचा कॉम्प्युटर घेऊन आला. "मावशी, गोंधळून जाऊ नकोस. स्वस्तात चांगली सायकल कोणती ते आपण टेबल करून काढू."

मी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून दिलं. ते नको होतं म्हणे. कॉम्प्युटरच्या आतच टेबल होतं, चौदा रकान्यांचं. वजन, ब्रेक, गिअर, टायरची जाडी, सीट, रंग. प्रत्येकाला मार्क. तास दीड तास खटखट केलं आणि म्हणाला, "निघाली! पहिला नंबर."

"कोणती रे?"

"ही. पण ही अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे."

हे मागे उभे होते. विचारलं, "चाक किती डुगतं, त्याचा रकाना कुठे आहे?"

"काका, ते दुकानात गेल्याशिवाय कळत नाही."

"मग टेबल रिजेक्ट!"

* * *

शनिवारी आम्ही तिघं दुकानात. गर्दी म्हणजे फुकट वाटत असल्यासारखी! टाय लावलेला एक सेल्समन पुढे आला.

"वहिनी, ही बघा. अठरा गिअर. मागे सहा, पुढे तीन."

मी म्हटलं, "मागे सहा, पुढे तीन, म्हणजे नऊ झाले की."

"आजी, गुणायचे असतात."

"सायकलीत गुणाकार कशाला?"

"घाट चढायला सोपं जातं."

मी मीनाला विचारलं, "कंपनीच्या वाटेवर घाट आहे का गं?"

"नाही जी. रेल्वेचा पूल आहे."

"मग पुलाला किती गिअर लागतात?" मी त्याला विचारलं. तो टाय सैल करायला लागला.

मग सेलचं समजावलं. पन्नास टक्के कमी, त्यावर वीस टक्के कमी, आणि जुनी सायकल दिली तर अजून कमी. माझं डोकं गरगरलं. मी म्हटलं, "आणि दोन जुन्या दिल्या तर तुम्ही आम्हाला पैसे देणार का?"

गल्ल्यावरून मालक मान वर न करता म्हणाले, "आजी, उद्यापासून गल्ल्यावर तुम्ही बसा. मी घरी आराम करतो."

अस्सल पेठेतला माणूस. हसणंही मोजून!

* * *

तोवर हे कामाला लागले होते. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं, एक डोळा मिटून बघायचं. पट्टी लावायची. "चाकाला आउट आहे, डुगतंय." सीटवर फुली. पुढची सायकल. "ब्रेक एका बाजूला घासतोय." फुली. "वेल्डिंगला फोड आलेत." फुली. तिसऱ्या फुलीला मालक खुर्चीतून उठून आले.

"अहो आजोबा, सायकल घ्यायची आहे की तिचं लग्न जमवायचं आहे?"

"लग्नात चालवून घेता येतं," हे म्हणाले. "सायकलीत नाही."

मीना मागे मागे. "बाबा, ही लाल चालेल." फुली! "बाबा, ही तरी?" फुली! संध्याकाळपर्यंत समोरच्या रांगेतल्या सगळ्या सायकलींच्या सीटवर पांढऱ्या फुल्या, आणि मीनाच्या डोळ्यांत पाणी. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. हे शेजारी, खडू बोटांत फिरवत.

घरी आल्यावर मी सुनावलं. "अहो, चौतीस दात असलेलं माणूस शोधताय का? परवा सकाळी सातला तिला हजर व्हायचंय!"

"वाटेत ब्रेक लागला नाही तर कोण जबाबदार?"

"कोण म्हणजे?"

"मी," म्हणाले, आणि भोंगा झाला म्हणून जेवायला बसले.

* * *

रविवारी पुन्हा गेलो. मालक दारातच. मला वाटलं, आता पाय ठेवू देत नाहीत. तर पुढे येऊन यांचा हात धरला!

"आजोबा, होतात कुठे तुम्ही?"

आत बघते तर समोरची रांग साफ. एकही फुलीवाली सायकल शिल्लक नाही! झालं असं, की लोकांनी आदल्या दिवशी बघितलेलं. एक पांढऱ्या केसांचा माणूस पट्टी लावून, एक डोळा मिटून, एकेक सायकल तपासतोय आणि खूण करतोय. सगळ्यांना वाटलं, कंपनीने साहेब पाठवलाय! जो तो येऊन म्हणायला लागला, "फुलीवालीच द्या." फुली नसलेल्या मागच्या रांगेतल्या सायकली घेऊन मालकांनी पुढे लावल्या, तर गिऱ्हाईक म्हणे, "नको, ही तपासलेली दिसत नाही." शेवटी मालकांनी आतून खडू आणला!

एक बाई तर माझ्यासमोरच मैत्रिणीला समजावत होत्या, "अगं, मत देतानाही आपण आवडत्यासमोरच फुली मारतो ना!"

हे मटकन स्टुलावर बसले. "रिजेक्ट माल गेला," एवढंच म्हणाले. जन्मात झालं नव्हतं असं.

मालक म्हणाले, "पुढच्या सेललाही या. खडू दुकानाचा."

* * *

आता उरली होती एकच. जिन्याखाली, धूळ खात. काळी, लेडीज, गिअर एकही नाही, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी. फुली मारायलाही कुणी वाकलं नव्हतं.

"चालवून बघते," मीना म्हणाली. बसली आणि गेली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मालक रस्त्यावर येऊन बघायला लागले. "आजी, सूनबाई येणार आहेत ना परत? की ट्रायलवरच यवतमाळ?"

तेव्हा मला आठवलं. ती सायकल चालवू शकते का, हे तीन दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं! संजूच्या चौदा रकान्यांतही नाही!

पंधरा मिनिटांनी उलट्या बाजूने घंटी न वाजवता मीना आली. घामाघूम, पण हसत.

"कुठे गेली होतीस गं?"

"मला उजवीकडे वळता येत नाही जी. मागे बघावं लागतं ना. म्हणून डावीकडे वळत गेले. डावीकडे, डावीकडे, डावीकडे. आलेच की परत!"

"आणि घंटी का नाही वाजवलीस?"

"वाजतच नाही."

यांनी सायकल हातात घेतली. आम्ही तिघं, मी, मीना आणि मालक, बघत उभे. चाक फिरवलं. एक डोळा मिटला. पट्टी लावली. पुन्हा फिरवलं. मागच्या मडगार्डचा एक नट ढिला होता, तो मालकांकडून पाना मागून स्वतः आवळला. दोन्ही ब्रेक दाबून अंगाचा सगळा भार टाकला. मग खिशात हात घातला. मीनाने डोळे मिटून घेतले.

हात रिकामाच बाहेर आला.

"पांढरा रंग आहे का हो?" यांनी मालकांना विचारलं. "तेलाचा. खडू पुसला जाईल."

आणि मागच्या मडगार्डवर, सावकाश, शाळेतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढून, यांनी आकडा रंगवला. सत्तेचाळीस.

"घंटी रिजेक्ट," म्हणाले. "सायकल पास."

घरी येताना सायकल चालवत कुणीच आणली नाही. रंग ओला होता. नाना पेठेपासून खडकीपर्यंत हे ती हाताने ढकलत आले.

* * *

सोमवारी मीना पावणेसातला कंपनीच्या फाटकावर. खडकी ते औंधपुढे, उजवी वळणं आली की उतरून, ढकलून. घंटीच्या जागी तोंडाने, "ओ दादा! ओ काका!"

फाटकावर सिक्युरिटीवाला रजिस्टर घेऊन उभा. गाड्या आत चाललेल्या. त्याने विचारलं, "मॅडम, गाडी?"

"ही."

त्याने सायकलीकडे बघितलं, रजिस्टरकडे बघितलं. रकाना तर भरायला हवा. "गाडीचा नंबर?"

मीना बोलायच्या आत तो मागे गेला, मडगार्ड बघितला, आणि लिहून घेतलं. रोज तेच. चार, सात. पावसाळा आला, रंग फिका पडला, यांनी परत गिरवला. मीना पर्मनंट झाली. मग टीम लीडर झाली; तिच्या हाताखाली सहा जण, त्यातले चार गाडीवाले. कंपनीने पार्किंगला फरशी टाकली, पिवळ्या पट्ट्या मारल्या आणि रजिस्टर बघून प्रत्येक गाडीची जागा आखून दिली.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी एक दिवस सायकल पंक्चर झाली, मीना रिक्षाने गेली आणि घाईत डबा विसरली, म्हणून हे तो घेऊन दुसऱ्या रिक्षाने गेले. फाटकावर उभे होते, तेवढ्यात मोठी काळी गाडी आत आली. मुंबईहून आलेले कुणी मोठे साहेब. गाडी सरळ जाऊन एका रिकाम्या जागेत उभी राहिली.

सिक्युरिटीवाला धावत गेला. काचेवर टकटक केलं. काच खाली आली.

"साहेब, गाडी काढावी लागेल. ही जागा मीना मॅडमची आहे."

साहेबांनी खाली बघितलं. फरशीवर हातभर पिवळे आकडे. सत्तेचाळीस. साहेबांनी गाडी मागे घेतली.

यांनी डबा सिक्युरिटीवाल्याच्या हातात दिला, आत गेले, वाकले, आणि त्या आकड्यांवर खिशातली पट्टी लावून बघितली.