चरापलीकडचा सुतारपक्षी

थोरलीची तक्रार अगदी साधी होती. रान राखायचं तिने, झाडायचं तिने, उन्हाळ्यात दगडी कुंडीत बादल्या भरभरून पाणी ओतायचं तिने, आणि पाखरांनी संसार मात्र थाटायचे धाकटीकडे! हा कुठला न्याय झाला, सांगा बरं?

दोघी सख्ख्या जावा. सासऱ्यांनी घरामागचं रान दोन मुलांत वाटून दिलं आणि मधोमध एक चर खणून ठेवला. मुलांना रानात काडीचा रस नव्हता. थोरला घड्याळं दुरुस्त करायचा, धाकटा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. त्यामुळे रान आपोआप सुनांच्या गळ्यात पडलं. पण सासरे महा वस्ताद. त्यांनी जाता जाता एक नेम घालून दिला होता. रानातलं कुठलंही झाड तोडायचं असेल, मग ते कुणाच्याही बाजूचं असो, आधी त्याच्या बुंध्यावर दोन्ही सुनांच्या हाताचे चुन्याचे ठसे उमटले पाहिजेत. एकीची बुद्धी फिरली तर दुसरी आडवी येईल, असा त्यांचा होरा होता. करवतवाल्यालाही हे ठाऊक होतं. दोन ठसे दिसल्याशिवाय तो करवत पिशवीतून बाहेर काढायचा नाही.

थोरलीची लाँड्री होती. शाईचा, तेलाचा, गंजाचा, कसलाही डाग घेऊन या, ती काढणार म्हणजे काढणार. बाजारात तिला 'कडक इस्त्री' म्हणायचे, अर्थात ती दूर गेल्यावर. रानसुद्धा तिने लाँड्रीसारखंच चालवलं. पाचोळा पडला की खराट्याने गोळा. फांदी मोडली की मोळी बांधून बाहेर. झाड वठलं की आलाच करवतवाला. एकदा पाखरं धरायला जाळी घेऊन दोन माणसं शिरली, तर कपडे उचलायची लांब काठी घेऊन ती त्यांच्या मागे अशी धावली की एकाचा बूट अजून चिखलात रुतून आहे म्हणतात. जीव होता तिचा रानावर. नाही म्हणणाऱ्याच्या जिभेला हाड नाही.

आणि धाकटी? आळशांची महाराणी! टेलिफोनच्या ऑफिसात आयुष्यभर खुर्चीवर बसली, आणि निवृत्त झाल्यावर घरातून खुर्ची उचलून रानात नेऊन बसली, एवढाच काय तो बदल. तिच्या बाजूला पाचोळा घोट्यापर्यंत. पडलेले ओंडके पडलेलेच, त्यांवर अळंबी उगवलेली. आणि तरी ससे तिकडे, घुबड तिकडे, कोल्हीण व्यायली तीही तिकडे! थोरलीच्या स्वच्छ, झाडलेल्या रानात काय होतं? मुंग्या. त्याही रांगेत.

तसं थोरलीचं पोट काही आज दुखायला लागलं नव्हतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हाच तिची जाडजूड वेणी थोरलीच्या डोळ्यांत खुपली होती. सासूबाई धाकटीच्या फालतू विनोदांवर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या, थोरलीने सांगितलेल्या विनोदाला "बरं, पुढे?" म्हणायच्या. पण माणसांचं एक वेळ चालतं. माणसं असतातच तसली. पाखरांनाही धाकटीच गोड वाटावी?

त्या वर्षी सुतारपक्षी आला. कुठे यावा? धाकटीकडच्या एका वठलेल्या, साल सोललेल्या खोडावर, चरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी थोरली इस्त्री हातात घेते न घेते तोच पलीकडून सुरू व्हायचं, टक टक टक टक टक. जसं कुणी मुद्दाम तिच्याच कपाळावर ठोकतंय.

"ऐकलंत?" ती नवऱ्याला म्हणाली.

"ऐकतोय की. छान ठेका धरलाय."

"ठेका कसला? वाकुल्या दाखवतोय मला!"

नवऱ्याने डोळ्याचं भिंग काढलं नाही, घड्याळातून मानही वर केली नाही. "अगं, त्याला किडे लागतात. तू तर रानातले किडेसुद्धा धुवून इस्त्री करून ठेवलेस."

हे बोलणं तिला असं झोंबलं की त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची कॉलर करपली.

तिने हार मानली नाही. चांगल्या फळ्यांचं खोकं बनवून घेतलं, त्याला गोल भोक पाडलं, आत मऊ कापडाची घडी घातली आणि आपल्या बाजूच्या झाडावर टांगलं. तयार घर, झाडलेलं अंगण, कुंडीत पाणी. आणखी काय हवं? पण सुतारपक्ष्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने त्या कुजक्या खोडालाच भोक पाडलं, मादी आणली, आणि चरापलीकडे धाकटी खुर्चीवर बसून हात हलवत ओरडली, "जाऊबाई, या ना बघायला! पिल्लं झालीत!"

"कामं आहेत मला," थोरली म्हणाली. घरी येऊन तिने दोन धुतलेल्या चादरी पुन्हा धुतल्या.

मग धाकटी आजारी लेकीकडे गेली, आणि इकडे थोरलीच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. ते खोड वाटेकडे झुकलंय. पडलं तर? तोडलेलंच बरं. आणि ते नसलं की पाखरं जातील कुठे? समोर खोकं आहेच. पिल्लं तोवर उडालेलीच असतील. ती बघायला गेली नाही. बघितलं असतं तर कळलं असतं, म्हणूनच गेली नाही.

धाकटी परत आल्या आल्या थोरली दारात हजर. "ते वठलेलं खोड काढायला हवं गं. वाटेवर पडेल. करवतवाला उद्या येतोय."

धाकटीचा चेहरा उतरला. "आणि पिल्लं?"

"उडाली."

"बघितलंत तुम्ही?"

"बघितलं ना!" थोरली म्हणाली. इतकं सफाईदार खोटं तिला बोलता येतं हे तिलाही माहीत नव्हतं.

धाकटी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. "बरं. मारून येते ठसा. पण तोडताना मी नाही येणार. मला बघवायचं नाही."

सकाळी करवतवाला आला. खोडावर धाकटीचा पांढरा ठसा वाळलेला होता. थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा चर ओलांडला. पाचोळ्यात पाय रुतत होते, वास कुजका आणि गोड होता. तिने चुन्यात हात बुडवला.

"लवकर करा बाई," करवतवाला म्हणाला. "मला अजून एक काम आहे."

तिने हात उचलला आणि खोडाच्या आतून आवाज आला. चिरचिर चिरचिर, एकसारखी, भुकेची. तेवढ्यात मादी आली, चोचीत पांढरी अळी. समोर माणसं बघून ती बिचकली, शेजारच्या फांदीवर गेली, पुन्हा आली. भोकातून एक बोडकं डोकं बाहेर आलं, भलंमोठं तोंड वासलेलं. मादीने अळी आत कोंबली आणि पुढच्या अळीसाठी गेली. लगेच नर हजर, लालभडक तुरेवाला. थोरली बघतच राहिली. इतकी वर्षं रान राखलं, पण असं जवळून तिने काहीच बघितलं नव्हतं. तिला एवढा आनंद झाला की भीती वाटली.

"पिल्लं आहेत की आत," करवतवाला म्हणाला. "मग? ठसा?"

"थांब," एवढंच ती म्हणाली आणि तशीच, हातावरून चुना ओघळत, धाकटीच्या घराकडे धावत सुटली. या वयात, हो!

धाकटीचं दार उघडंच होतं. ती उंबऱ्याच्या आत उभी होती.

"खोटं बोलले मी!" थोरली धापा टाकत म्हणाली. "पिल्लं आहेत. मी बघितलंच नव्हतं. जळते मी तुझ्यावर, कळलं? पहिल्या दिवसापासून जळते! मी मर मर मरायचं आणि तू नुसतं बसायचं, आणि सगळं तुझ्याकडे!"

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"दोन्ही. काल ठसा मारायला गेले तेव्हा पिल्लं ओरडत होती."

"मग तरी ठसा मारलास? आणि मी हात लावला असता तर?"

"तुम्ही पिल्लांना मारणार नाही, हे मला ठाऊक होतं. बूट टाकून पळालेल्या माणसाला विचारा."

थोरलीला रडू फुटणार होतं, तेवढ्यात तिची नजर खाली गेली. धाकटी घरात कधी पायात काही घालत नसे. आज तिने चपला घातल्या होत्या, आणि साडीचा पदर खोचलेला होता.

"घरात चपला?"

धाकटीने पहिल्यांदाच नजर चुकवली. "करवतवाला आल्यापासून इथे उभी आहे. जरा करवतीचा आवाज आला असता तर धावले असते."

"म्हणजे विश्वास नव्हताच तुझा."

"होता हो जाऊबाई," धाकटी म्हणाली. "पण चपला घालून उभा होता."

थोरलीने रानात जाऊन करवतवाल्याला परत पाठवलं, आणि मग चर ओलांडून आपल्या बाजूला न जाता, तिथेच, धाकटीच्या खुर्चीशेजारी पाचोळ्यात बसली. नर आला, मादी आली. धाकटी शेजारी येऊन बसली, तिने चपला काढल्या होत्या. थोरलीने ते बघितलं, आणि तिला हुंदका आवरेना.