लाखेने बंद केलेली शाई

दयाराम मेश्राम खोल्या बघायला आले तेव्हा त्यांनी आधी भाडे विचारले नाही. मागच्या दाराला किल्ल्या किती आणि कोणाकडे असतात, एवढेच विचारले. एक माझ्याकडे राहील म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. तरी ते राहिले. लखनौच्या सरोजिनी नगरात मराठी बोलणारी घरमालकीण त्यांना दुसरी कुठे मिळणार होती?

हे १९९७ सालचे. सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी मुदतीआधीच सोडून त्यांनी इंकजेट प्रिंटरची शाई बनवायला घेतली होती. लखनौच्या दुकानांत असे प्रिंटर नुकतेच दिसू लागले होते. कंपनीचे कार्ट्रिज संपले की नवे घेणे लोकांच्या जिवावर येई. मेश्रामांची शाई सुईने त्याच रिकाम्या कार्ट्रिजमध्ये भरता येत असे. रंग, शुद्ध केलेले पाणी आणि ग्लायकॉल नावाचा एक दाटसर द्रव, हे सगळे ते बारीक गाळणीतून गाळून घेत. शाई ज्या छिद्रांतून उडते ती केसाहून बारीक असतात, आणि तिथेच ती वाळू नये म्हणून ग्लायकॉल, असे त्यांनी मला एकदा समजावले. पण किती ग्लायकॉल, हे विचारताच बुचे मोजायला लागले.

पिंपांवरची लेबले त्यांनी खरवडून काढली होती. रंगाचे कपाट कुलपात असे. शाईच्या खोलीतली पाल नेहमीचीच आहे ना, अशी शंका त्यांना येत असावी, असे त्यांची पत्नी द्रौपदी म्हणे. भरलेल्या प्रत्येक बाटलीच्या बुचावर ते लाख ओतत आणि ती घट्ट होण्याआधी ओल्या अंगठ्याचा ठसा उमटवत.

बाटल्या स्कूटरवरून हजरतगंज, अमीनाबादच्या दुकानांत पोचवायचा तो राजेश, द्रौपदीचा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवला होता. लखनौतच मोठा झालेला, मराठी सगळे कळायचे, उत्तर मात्र हिंदीत.

मे महिन्यात लू, तिकडचा तो कोरडा गरम वारा, सुटली आणि तक्रारी सुरू झाल्या. छपाईत पांढऱ्या रेघा येत होत्या. राजेश दुकानांतून अर्धवट बाटल्या परत आणू लागला. मेश्रामांनी तीच शाई आपल्या प्रिंटरमध्ये भरली, तर अक्षरे काळीभोर, एक रेघ नाही. दुसऱ्या कोणी म्हटले असते, चला, शाईत दोष नाही. मेश्राम म्हणाले, "म्हणजे दुकानात देतो ती दुसरीच. तिथे पाणी घातलेली, आणि मला परत आणतो ती माझी चांगली."

अंगणात मी तुळशीला पाणी घालत होते, सगळे ऐकू आले.

"वाटेत बाटली कुठे उघडतोस, राजेश?"

"जीजाजी, स्कूटर चलाऊँ कि बोतल खोलूँ?"

"हसू नकोस."

"तो रोऊँ क्या?"

द्रौपदी मध्ये पडली. "अहो, लाख तुमची, अंगठा तुमचा. त्याने काय अंगठाही तुमच्यासारखा करून घेतला?"

"लाख अलगद काढून परत लावता येते."

"इतना दिमाग होता," राजेश म्हणाला, "तो स्याही मैं बनाता, आप बेचते."

राजेशने अलीकडेच नवा गॉगल घेतला होता. तो मेश्रामांनी पाहिला होता, आणि मीही. मेश्रामांनी त्याला सांगितले, रविवारपर्यंत दुसरीकडे सोय बघ. तिसऱ्या दिवशी द्रौपदी मला म्हणाली, "काकू, तो गेला तर परत यायचा नाही. मी ओळखते त्याला."

शनिवारी वीज गेली आणि आली ती एवढ्या जोरात, की मागच्या खोलीतल्या कूलरची मोटर जळाली. त्याच खोलीतला प्रिंटर वाचला, कारण मेश्रामांचा वीजखात्यावरही विश्वास नसे. काम संपले की ते त्याची पिन काढून ठेवत.

रविवारी सकाळी राजेशची बॅग दाराशी होती. मेश्रामांनी मला साक्षीदार म्हणून बोलावले. रात्री स्वतः भरलेली, स्वतः कुलपात ठेवलेली बाटली त्यांनी आमच्यासमोर उघडली. "आता बघा, माझ्या हातची शाई कशी छापते."

कागद बाहेर आला. पांढऱ्या रेघा.

त्यांनी आधी द्रौपदीकडे पाहिले. मग माझ्याकडे. "काकू, तुमच्याकडची ती किल्ली..."

"माझ्या जुडग्यात आहे. बघून घ्या," मी म्हटले. मला राग आला होता.

राजेशने बॅग उचलली. "दीदी, चलता हूँ। यहाँ तो भट्ठी जल रही है, साँस भी सूख गई।"

मेश्राम जागच्या जागी थांबले. बंद कूलरकडे, त्याच्या वाळून खडखडीत झालेल्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः बादलीभर पाणी ताट्यांवर ओतले, टेबलफॅन ताट्यांमागे लावला, प्रिंटरची छिद्रे ओल्या फडक्याने टिपली आणि थोडा वेळ जाऊ दिला. खोली गार, ओलसर झाली. दुसरा कागद काळाभोर निघाला.

शाईचे प्रमाण त्यांनी जानेवारीच्या धुक्यात बसवले होते आणि उन्हाळाभर ती खसच्या ओलाव्यात तपासत होते. दुकानदार तर कॉम्प्युटरला ओल लागेल म्हणून कूलर लावतच नसत. तिथल्या कोरड्या हवेत शाई छिद्रांच्या तोंडाशीच वाळत होती.

"ग्लायकॉल वाढवावं लागेल," मेश्राम म्हणाले.

"आणि राजेश?" द्रौपदीने विचारले.

मेश्रामांनी बॅग राजेशच्या हातून घेतली आणि आत नेऊन ठेवली. आत गेल्यावर ती त्यांनी उघडून पाहिली असेल का, हे मला आजही सांगता येणार नाही.

राजेश दारातच उभा राहिला. "रुकूँगा, जीजाजी। पर लाख मेरे सामने लगेगी, और अँगूठा मेरा भी लगेगा। कल को आप ही पानी मिला दो तो?"

मेश्रामांना ही अट अजिबात अपमानाची वाटली नाही. उलट प्रथमच त्यांनी त्याच्याकडे जरा आदराने पाहिले.

नवी शाई लूमध्ये टिकली. आता तिची परीक्षा व्हरांड्यात, भर दुपारी होई. आणि रोज सकाळी, बाटल्या स्कूटरवर चढण्याआधी, मेश्राम भिंगाखाली राजेशचा ठसा तपासत आणि राजेश मेश्रामांचा. द्रौपदी चहाचे कप घेऊन उभी असे.

"झालं का तुमचं? चहा निवला."

दोघेही आधी कपात डोकावून बघत.