ईशापूरची रायफल आणि डोंगरात पळालेला बोकड

जायचं ठरवलं ते आईने. मी फक्त गाडी चालवली.

२००२ सालचा जानेवारी महिना. मी, नीलिमा आणि आमची नऊ वर्षांची मुक्ता तेव्हा दुबईत देराला राहत होतो. आई कोल्हापूरहून व्हिजिट व्हिसावर आली होती. पहिल्या काही आठवड्यांत तिचं सोन्याचं मार्केट बघून झालं, अब्रा नावाच्या होडीत बसून खाडी ओलांडून झाली आणि सगळे मॉल पायाखाली घालून झाले. मग ती बाल्कनीत उभी राहून समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले कपडे बघू लागली. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवलेल्या बाईला हे सोसणारं नव्हतं.

अशात एक दिवस राशिद घरी आला. तो आमच्या कंपनीचा पीआरओ होता. व्हिसा, लेबर कार्ड, सरकारी ऑफिसातले शिक्के ही सगळी कामं त्याच्याकडे असायची. मूळचा रास अल खैमाच्या डोंगरातला, तिशीचा, हसरा गडी. मला काही कागद द्यायला आला आणि चहाला थांबला. चहा पिता पिता म्हणाला, "जुम्मा को मैं गाँव जाता. फादर का एक बकरा है, तीन साल से पहाड़ में भागा हुआ. किसी के हाथ नहीं आता. अब उसका शिकार करेगा. तुम भी आओ ना, अविनाश."

मी काहीतरी सबब सांगणार, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "बंदूक कुठली आहे विचार त्याला."

राशिदला हसू आलं. "मेरा पास नया है मम्मी, दुर्बीणवाला. फादर का पास पुराना थ्री नॉट थ्री. उसका बाप का है. छोड़ता ही नहीं."

आई पदराला हात पुसत बाहेर आली. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये तिने थ्री नॉट थ्री चालवली होती. खांदा आठवडाभर काळानिळा होता, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. "मी येते," एवढंच ती म्हणाली.

मुक्ताने विचारलं, "आजी, इज इट अलाउड?" प्रश्न बरोबर होता. तिथे रानातल्या हरणांना, सशांना हात लावायची बंदी आहे आणि ती असावीच. पण हा बोकड त्यांच्याच कळपातला होता. रानात राहून बिथरलेला. दर थंडीत खाली येऊन तो एक-दोन शेळ्या फूस लावून वर न्यायचा आणि त्या परत येत नसत. डोंगरातल्या माणसाला शेळी जाणं परवडत नाही. रायफलींचे परवानेही होते. राशिदने ते नीलिमाला पाकिटातून काढून दाखवले, तेव्हा कुठे ती गप्प बसली.

गुरुवारी, म्हणजे तिकडच्या वीकेंडच्या पहिल्या दिवशी, सकाळी आई आणि मी निघालो; नीलिमा आणि मुक्ता घरीच थांबल्या. शारजा, अजमान मागे पडेपर्यंत ट्रॅफिक असतो, म्हणून लवकर निघावं. पुढे रस्ता मोकळा होतो. डावीकडे मधूनच समुद्राची पट्टी, उजवीकडे तांबूस वाळू, आणि कुंपण नसेल तिथे उंट थेट रस्त्यावर, तेव्हा वेग आवरावा. पेट्रोल गॅलनला चार दिरहमच्या आसपास, त्याची चिंता नाही. उम्म अल क्वैनला एका मल्याळी कॅफेटेरियात आम्लेट गुंडाळलेला पराठा आणि कडक चहा घेतला. दोघांचे मिळून आठ दिरहम. "शंभर रुपयांच्या वर झाले की रे," आई म्हणाली आणि तरी दुसरा चहा मागवला.

रास अल खैमा गाव ओलांडलं की खजुरीच्या बागा लागतात आणि बागांच्या मागे एकदम डोंगर उभे राहतात. सह्याद्री बघितलेल्या माणसाला आधी ते मेलेले वाटतात. गवताची काडी नाही, मातीही नाही, नुसता करडा दगड. थोडा वेळ बघत राहिलं की त्यातले पट्टे दिसू लागतात, घळी दिसतात, एखाद्या कड्याला चिकटलेलं काटेरी झाड दिसतं. आई काच खाली करून वर बघत होती. मग म्हणाली, "इथे लपायला जागा नाही. ना जनावराला, ना माणसाला."

डांबरी रस्ता संपला तिथे राशिद लँड क्रूझर घेऊन उभा होता. आमची कोरोला तिथेच सोडली. पुढे कोरड्या ओढ्याच्या गोट्यांवरून तासभर हाडं खिळखिळी झाली. (तुम्ही जाणार असाल तर फोर व्हील आणि जास्तीचं पाणी याशिवाय जाऊ नका. पाऊस पडेल असं वाटलं तर मुळीच नको, ओढा बघता बघता भरतो.)

गाव म्हणजे दगडाची आठ-दहा घरं, बांध घालून केलेली जवाची चिमुकली वावरं आणि शेळ्या. राशिदचे वडील सालेम दारातच उभे होते. सत्तरीचे, काटक, मेंदी लावलेली दाढी, आणि हातात लांब दांड्याची छोटी कुऱ्हाड, तिकडचे म्हातारे काठीसारखी वापरतात ती. तरुणपणी ते कुवेतला हिंदी-पाकिस्तानी लोकांबरोबर कामाला होते, त्यामुळे हिंदी कामापुरती येत होती. आईला त्यांनी नाव विचारलं नाही. तिकडच्या रीतीप्रमाणे मुलाच्या नावाने, 'अविनाशची आई' अशी हाक मारली. "उम्म अविनाश, आओ, बैठो." आईला ते फार आवडलं. परतल्यावर तिने नीलिमाला ते निदान दहा वेळा सांगितलं असेल.

जेवायला भात, खारवलेला मासा, रोटी, तूप आणि डोंगरातला मध होता. मधात रोटी बुडवून खाल्ली, तशी चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. जेवण झाल्यावर म्हाताऱ्याने फडक्यात गुंडाळलेली रायफल आणली आणि उघडून आईपुढे ठेवली. लाकूड तेल पिऊन काळं झालेलं, दस्त्याला गेलेल्या तड्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली. आईने आधी बोल्ट ओढून आत काडतूस नाही ना ते पाहिलं. म्हाताऱ्याने ते टिपलं आणि मान डोलावली. मग तिने चष्मा वर करून धातूवरचा शिक्का वाचला. मुकुट, आणि त्याखाली ईशापूर.

"अविनाश, ही आपल्याकडची रे. बंगालची."

"मालूम है," म्हातारा शांतपणे म्हणाला. "हिंदी है. मेरा बाप एक ऊँटनी देके लिया."

राशिदची रायफल शेजारीच होती. काळी, हलकी, वर हातभर दुर्बीण. मी दुर्बिणीतून पाहिलं तर पलीकडच्या डोंगरावरच्या दगडाच्या भेगा मोजता येतील इतक्या जवळ आल्या. खरं सांगायचं तर मला तीच जास्त आवडली. बापलेकांचं अरबीत काहीतरी चाललं होतं, आवाज जरा चढले. राशिद आमच्याकडे वळून म्हणाला, "बोलता है, दूर से नहीं मारने का. मैं बोला, बाबा, जमाना बदल गया."

शुक्रवारी उजाडताच निघालो. म्हातारा पुढे, मागे राशिद, मग आई, आणि शेवटी धापा टाकत मी. आई साडी वर खोचून, माझे कॅनव्हासचे बूट घालून चढत होती. वाट अशी नव्हतीच. म्हातारा मधूनच थांबायचा, चिमूटभर धूळ हवेत सोडायचा आणि वारा पाहून दिशा बदलायचा.

दोन-अडीच तासांनी बोकड दिसला. घळीच्या पलीकडे, उतारावर. काळाभोर, शिंगं मागे वळलेली, छातीवर केसांचा झुपका. सोबत दोन शेळ्या. इतका देखणा प्राणी, की मला आपण कशासाठी आलोय ते क्षणभर नकोसं झालं.

म्हाताऱ्याने हाताने मोठा वळसा दाखवला. घळ उतरायची, पलीकडून चढायचं, वाऱ्याविरुद्ध जवळ जायचं. सहज तासाभराचं काम. राशिद मात्र एका दगडावर पालथा झाला होता. "हबीबी, इधर से हो जाएगा," तो माझ्याकडे बघून पुटपुटला. म्हाताऱ्याने फक्त नकारार्थी मान हलवली. राशिदचा डोळा दुर्बिणीला होता, त्याने ती पाहिली नाही. किंवा पाहिलीही असेल.

गोळी सुटली त्याच क्षणी एक शेळी हलली आणि बोकड वळला. आवाज घळीत घुमत राहिला. बोकड मागच्या पायावर बसला, उठला आणि तीन पायांवर कड्याआड गेला.

मला वाटलं, आता म्हातारा फाडून खाणार. आईनेही माझा दंड धरला होता. पण त्यांनी राशिदकडे पाहिलंसुद्धा नाही. ते घळीत उतरू लागले आणि आम्ही मागोमाग.

बोकड उभा होता तिथे दगडावर रक्त होतं. पुढे थेंब. कधी दहा पावलांवर, कधी बराच वेळ नाहीच. राशिद दुसऱ्या दिशेने उत्साहाने जाऊ लागला की म्हातारा नुसता थांबायचा, आणि तो परत यायचा. ऊन वर चढलं, माझं पाणी संपत आलं. "सोडून द्या ना आता, आपोआप मरेल तो," मी आईला हळूच म्हणालो.

"म्हणूनच सोडता येत नाही," ती म्हणाली.

शेवटी एका कपारीत तो सापडला. मागे खडक, पुढे अरुंद कंगोरा. उभा होता, पाय लोंबत होता, तोंडाला फेस. आम्ही शंभरेक पावलांवर असू.

म्हाताऱ्याने राशिदच्या खांद्यावरची नवी रायफल काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि आपली जुनी त्याच्या हातात दिली. कमरेच्या पिशवीतून एक काडतूस काढून तळहातावर ठेवलं. राशिद अरबीत काहीतरी विनवत होता, "तुम्हीच मारा" असंच असणार. म्हातारा काही न बोलता खडकाला टेकून बसला आणि त्याने तोंड दरीकडे फिरवलं.

राशिदने चपला काढल्या. मग तो अनवाणी त्या कंगोऱ्यावरून सरकत गेला. खडा निसटला की थांबायचा, बोकड शांत होईपर्यंत हलायचा नाही. एवढा वेळ स्वस्थ राहिलेला राशिद मी कधी पाहिला नव्हता. ऑफिसात त्याच्या हातातला मोबाईल एक मिनिट गप्प नसायचा. दोघांमध्ये एका खोलीइतकं अंतर उरलं तेव्हा त्याने रायफल खांद्याला लावली. "बिस्मिल्ला" आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

बोकड उभा होता तिथेच कोसळला. राशिदने जवळ जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. म्हाताऱ्याने वळून पाहिलं ते त्यानंतर.

खाली येताना बोकड राशिदने एकट्याने खांद्यावर आणला. मी हात लावू का म्हटलं, तर मान हलवून नको म्हणाला. मागून दोन्ही शेळ्या ओरडत, अंतर राखून येत होत्या.

जुम्म्याच्या नमाजनंतर गावाला जेवण झालं. मटण वातड होतं, मसाला जेमतेम. आई कोल्हापूरची असूनही तिने नावं ठेवली नाहीत आणि दोनदा वाढून घेतलं. मग म्हाताऱ्याने ओढ्यापलीकडे तेलाचा रिकामा डबा ठेवायला लावला आणि रायफल तिच्या हातात दिली. साठीच्या आईने श्वास रोखून नेम धरला. डब्याखालचा दगड फुटला, डबा जागचा हलला नाही.

"पत्थर मर गया, उम्म अविनाश," म्हातारा गंभीरपणे म्हणाला. आई खांदा चोळत डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

निघायच्या आधी तिने त्यांना विचारलं, की नव्या बंदुकीने राशिदने लांबूनच दुसरी गोळी घातली असती, ही जुनी का दिली? ते म्हणाले, "दूर से मारेगा तो सिर्फ गोली जाता. इससे मारेगा तो आदमी को जाना पड़ता."

रात्री देराला पोचलो. मुक्ताने दारातच विचारलं, "डिड यू शूट इट, आजी?" आईने तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं, रक्ताचे थेंबसुद्धा. नीलिमाने डोळे वटारले, पण आईने काही गाळलं नाही.

मी स्वतः शिकारी झालो नाही, होणारही नाही. त्या बोकडाला चुकीच्या जागी गोळी लागली आणि तो तास-दीड तास तडफडला, हे मला विसरता येत नाही. पण ते म्हातारं माणूस आठवलं की मान आपसूक लवते. त्यांच्यासारखं, काही न बोलता मुलाच्या हातात काम देऊन पाठ फिरवणं मला अजून जमलेलं नाही. मुक्ताची गाडी मी आजही शेजारच्या सीटवरून चालवतो, असं ती म्हणते.

राशिदने पुढच्या वर्षी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी जेवायला गेलो, तेव्हा मी त्या सकाळचा विषय काढला. वडील नंतर कधी काही बोलले का, विचारलं.

"नहीं. एक बार भी नहीं," तो म्हणाला. भाताचा घास हातातच राहिला. "लेकिन अब घर जाता है, तो वो बंदूक साफ करने का काम मेरा है. पहले हाथ लगाने नहीं देता था."